वठलेल्या वृक्षाचें शेवटचें फळ

सूर्य कोठून आला, आणि तो उगवण्यापूर्वीं जगांत उजेड होता कीं नव्हता, हा प्रश्न ज्यास कधींच पडला नाहीं असा मानवसमाज पृथ्वीच्या पाठीवर विरळाच. आमच्याकडे अदितीचा पुत्र, सात घोड्यांच्या रथांतून फिरणारा आदित्य आहे. मिसर देशांत रात्रभर पाताळांतून नावेनें प्रवास करून पहांटे पुन्हां वर येणारा रा आहे. जपानांत रुसून गुहेंत जाऊन बसलेली अमातेरासू देवी आहे. या साऱ्या कथा कोणा एकाच्या नव्हेत. आज्यांच्या मांडीवर आणि देवळांच्या ओसरीवर त्या शेंकडों वर्षें वाढत गेल्या, आणि त्यांचा कर्ता शोधूं गेल्यास हातीं कांहीं लागत नाहीं. परंतु विसाव्या शतकांत एका मनुष्यानें, एकट्यानें, लेखणी हातांत धरून एक सबंध पुराण रचलें. त्यांत सृष्टीची उत्पत्ति आहे, देव आहेत, दैत्य आहेत, वंशावळी आहेत, भाषा आहेत, आणि सूर्याच्या जन्माची एक कथाहि आहे. ती कथा आमच्या वाचकांस सांगावी, आणि तिच्या निमित्तानें आपल्या घरांतील एका नित्याच्या प्रश्नाचा थोडा विचार करावा, असा आमचा हेतु आहे.

हा मनुष्य म्हणजे प्रोफेसर जे. आर. आर. टॉल्किन. जन्म १८९२ सालीं, दक्षिण आफ्रिकेंतील ब्लूमफाँटेन शहरीं. चार वर्षांचा असतां वडील वारले, बारा वर्षांचा असतां आई गेली. १९१६ सालीं फ्रान्समध्यें सोम नदीच्या रणभूमीवर तो लढला, तेथें खंदकांत पसरणाऱ्या तापानें आजारी पडून मायदेशीं परत आला, आणि त्या दुखण्याच्या काळांतच त्यानें या पुराणाचीं पहिलीं पानें लिहिण्यास आरंभ केला. पुढें १९२५ पासून १९५९ पर्यंत तो ऑक्सफर्ड येथें अध्यापक होता. प्रथम अँग्लो-सॅक्सन भाषेचा आणि १९४५ पासून इंग्रजी भाषा व वाङ्मय यांचा. ‘दि हॉबिट’ ही मुलांसाठीं लिहिलेली गोष्ट १९३७ सालीं, आणि ‘दि लॉर्ड ऑफ दि रिंग्ज’ ही त्रिखंडात्मक कथा १९५४-५५ सालीं बाहेर पडली. परंतु त्या दोहोंच्या मागें उभें असलेलें मूळ पुराण त्याच्या हयातींत छापलें गेलें नाहीं. १९७३ सालीं तो वारल्यावर त्याचा मुलगा ख्रिस्तोफर यानें कागद लावून तें ‘दि सिल्मरिलियन’ या नांवानें १९७७ सालीं प्रसिद्ध केलें. आम्ही सांगणार आहों ती कथा या पुस्तकांतील आहे.

अद्‌भुत कथेविषयीं टॉल्किनची दृष्टि कशी होती हें अगोदर सांगितलें पाहिजे. १९३९ सालीं दिलेल्या एका व्याख्यानांत त्यानें हिरव्या सूर्याचें उदाहरण घेतलें. ‘हिरवा सूर्य’ हे दोन शब्द जोडणें कोणासहि जमेल. परंतु ज्या जगांत सूर्य हिरवा असणें वाचकास खरें वाटेल असें जग उभें करावयाचें, तर त्यास श्रम लागतात, विचार लागतो, आणि एक विशेष प्रकारचें कसब लागतें, असा त्याच्या म्हणण्याचा आशय. कल्पना मोकाट सोडणें आणि कल्पनेस नियम लावणें, यांतील हा भेद आहे. स्वतःच्या सृष्टींत त्यानें सूर्य हिरवा केला नाहीं; परंतु त्याची जी कुळी सांगितली ती कोणत्याहि हिरव्या सूर्याहून नवलाची आहे.

या सृष्टींत सर्वांच्या वर एकच परमेश्वर आहे. टॉल्किन हा निष्ठावंत रोमन कॅथलिक होता, हें येथें ध्यानांत ठेवावें. त्या परमेश्वराच्या खालीं पृथ्वीचा कारभार पाहणारे जे अधिकारी, त्यांस वालार म्हणतात. आपण सोयीसाठीं त्यांस देव म्हणूं. आरंभीं सूर्य नाहीं, चंद्र नाहीं. देवांनीं पृथ्वीच्या उत्तरेस एक आणि दक्षिणेस एक असे दोन प्रचंड दीपस्तंभ उभारले. उत्तरेचा इलुइन, दक्षिणेचा ऑर्माल. कारागीर देव औले यानें ते घडविले आणि तारकांची स्वामिनी वार्दा हिनें त्यांत तेज भरलें. सर्व पृथ्वीवर अखंड, न मावळणारा दिवस झाला. परंतु देवांपैकींच एक, मेल्कोर, हा मत्सरानें बिघडला होता. त्यानें ते स्तंभ उलथून पाडले. सांडलेल्या आगीनें भूमि होरपळली, समुद्र खवळले, आणि पृथ्वीची पहिली सुडौल घडण कायमची मोडली.

मग देव पश्चिमेस समुद्रापलीकडे गेले, तेथें त्यांनीं उंच पर्वतांचा तट उभारला आणि आंत वालिनोर नांवाचें नंदनवन वसविलें. तेथें वनस्पतींची देवी यावान्ना हिनें एका हिरव्या टेकडीवर बसून गाणें म्हटलें, आणि शोकाची देवी निएन्ना हिनें आपल्या अश्रूंनीं ती माती भिजविली. त्या गाण्यानें आणि त्या अश्रूंनीं दोन वृक्ष उगवले. एकाचें नांव तेल्पेरियन; त्याचीं पानें वरून गर्द हिरवीं आणि खालून रुपेरी. दुसरीचें नांव लॉरेलिन. तिच्या कोंवळ्या पोपटी पानांना सोन्याची कड आणि फुलांचे घोस सोनेरी. जगांतील उजेड आतां या झाडांच्या मोहरांतून निघूं लागला. प्रत्येक झाड सात तास फुलून पुन्हां मावळे, आणि एक पुरतें मावळण्यापूर्वीं एक तास दुसरें जागें होई. सात आणि सात चौदा, त्यांतून दोन वेळचा एकेक सामाईक तास वजा केला कीं उरतात बारा. असा देवांचा दिवस बारा तासांचा. त्यांत दोनदां अशी घटका येई कीं, जेव्हां सोनें आणि रुपें दोन्ही मंद होऊन एकमेकांत मिसळत. आपल्याकडे जिला संधिकाल म्हणतात आणि संध्यावंदनासाठीं जी राखून ठेवलेली असते, त्या वेळेचें हें मूळ चित्र म्हणावयास हरकत नाहीं. फरक इतकाच कीं आपला संधिकाल उजेड आणि अंधार यांमधला आहे, आणि तो दोन उजेडांमधला होता.

येथपर्यंत कथा केवळ सुंदर आहे. पुढें ती गंभीर होते. वालिनोरभोवतीं तट होता. झाडांचा उजेड तटाच्या आंत राहिला. बाहेरच्या विस्तीर्ण मध्यभूमीवर काळोख होता आणि त्यावर फक्त तारे. त्याच काळोखांत, एका सरोवराच्या कांठीं, एल्फ नांवाची अमर जात जागी झाली. त्यांना आपल्या गंधर्वांचे दूरचे भाऊबंद समजावें. त्यांनीं डोळे उघडतांच प्रथम पाहिले ते तारे. म्हणून त्यांची तारकांवरची भक्ति पुढें कधींच गेली नाहीं. देवांनीं त्यांस पश्चिमेस बोलाविलें. कांहीं गेले, कांहीं मागें राहिले. ज्यांनीं झाडांचा उजेड पाहिला आणि ज्यांनीं पाहिला नाहीं, असे त्या एकाच जातींत दोन भेद पडले, आणि त्या भेदाचें दुःख सबंध पुराणभर पसरलेलें आहे. देव वाईट नव्हते. परंतु उत्तम उजेड त्यांनीं तटाच्या आंत ठेवला, हें मात्र खरें. आणि ग्रंथकारानें तें झांकलेलें नाहीं.

देवांकडे आलेल्या एल्फांत फेआनोर नांवाचा राजपुत्र निघाला. बुद्धि तीव्र, हात कुशल, स्वभाव तापट. त्यानें त्या दोन्ही झाडांचा मिश्र प्रकाश कोंडून तीन रत्नें बनविलीं, आणि त्यांस सिल्मरिल म्हणूं लागले. पहिल्यानें तो तीं सणासमारंभांत मस्तकीं धारण करी; पुढें पुढें वडील आणि आपले सात मुलगे यांखेरीज कोणाच्या दृष्टीस तीं पडूं देईना. जो उजेड आपण केलेला नाहीं, केवळ सांठविला आहे, तो आपलाच, असें त्यास वाटूं लागलें होतें. इतक्यांत मेल्कोर हा उंगोलियांत नांवाच्या राक्षसी कोळिणीस बरोबर घेऊन वालिनोरांत शिरला. त्यानें भाल्यानें दोन्ही झाडें भोसकलीं, आणि तिनें त्यांचा रस शोषून त्यांत विष भरलें. झाडें काळीं पडलीं. देवांच्या राज्यावर प्रथमच अंधार झाला.

त्या अंधारांत यावान्ना झाडांपाशीं आली आणि म्हणाली कीं, सिल्मरिलांतील थोडा प्रकाश मिळाला तर मुळें कुजण्यापूर्वीं झाडें जगवितां येतील. परंतु त्यासाठीं रत्नें फोडावीं लागतील. सर्वांनीं फेआनोरकडे पाहिलें. तो बराच वेळ गप्प राहिला, आणि मग ‘नाहीं’ म्हणाला. मौज अशी कीं तोंवर मेल्कोरनें त्याच्या घरावर घाला घालून, त्याच्या बापास ठार मारून, रत्नें पळविलीहि होतीं. फेआनोर ‘होय’ म्हणता तरी झाडें वांचलीं नसतीं. तरीसुद्धां ग्रंथकार सुचवितो कीं, त्याच्या तोंडून प्रथमच ‘होय’ निघता तर पुढलीं त्याचीं कर्में निराळीं झालीं असतीं. आमच्या मतें सबंध पुराणांतील हें मर्मस्थान आहे. दानानें फळ आलें नसतें, पण दाता बदलला असता.

आतां सूर्याचा जन्म. झाडें मेलेलींच होतीं. निएन्ना पुन्हां रडली, यावान्ना पुन्हां गायिली. जन्माच्या वेळीं जीं दोघी होत्या त्याच मरणाच्याहि वेळीं. गाणें संपत आलें तेव्हां तेल्पेरियनच्या एका वठलेल्या फांदीवर एकच मोठें रुपेरी फूल आलें, आणि लॉरेलिनला एकच सोनेरी फळ धरलें. मग झाडें पुरतीं मेलीं. औलेनें त्या फुलासाठीं आणि फळासाठीं पात्रें घडविलीं, आणि वार्दानें तीं आकाशांत सोडलीं. तें फूल म्हणजे चंद्र, तें फळ म्हणजे सूर्य. वर्षांचा नवा हिशेब येथून सुरू झाला. सूर्य हा या कथेंत देव नव्हे. तो एका मेलेल्या झाडाचा शेवटचा अवशेष आहे.

आणि त्याचें सारथ्य कोणी करावें? एवढ्या कामासाठीं मोठा देव निवडला नाहीं. आरियेन नांवाची एक कुमारिका होती; ती बागेंतील सोनेरी फुलांना लॉरेलिनचें दंव घालीत असे. मूळची ती अग्निरूपच. परंतु मेल्कोर तिला आपल्या पंखाखालीं ओढूं शकला नव्हता. तिनें आपलें पूर्वींचें रूप टाकलें आणि नुसती ज्वाला होऊन ती त्या पात्रांत बसली. चंद्राचें काम तिलियन नांवाच्या एका शिकाऱ्यानें आपण होऊन मागून घेतलें. तो मनाचा चंचल. तो वाट सोडी, वेळ चुकवी, आणि आरियेनच्या तेजाला भुलून तिच्या फार जवळ जाई. त्यानें तो होरपळला आणि चंद्र काळवंडला. चंद्रावरील डागांची आणि त्याच्या अनियमित उदयास्तांची अशी ही उपपत्ति.

प्रथम उगवला तो चंद्र. त्यानें आकाशाच्या सात फेऱ्या केल्या तेव्हां आरियेनचें पात्र सिद्ध झालें. सूर्याचा पहिला उदय झाला तो पूर्वेस नव्हे, पश्चिमेस. कारण झाडें पश्चिमेस होतीं. वार्दाची पहिली योजना अशी कीं, सूर्यचंद्रांनीं आळीपाळीनें आकाशांत राहावें, म्हणजे अंधार कधींच होणार नाहीं. त्यावर तक्रार आली ती निद्रेच्या आणि विश्रांतीच्या देवतांकडून. त्या म्हणाल्या, पृथ्वीवरून झोंप नाहींशी झाली आहे आणि तारे दिसेनासे झाले आहेत. वार्दास तें पटलें. तिनें सूर्यास पश्चिमेस मावळण्याची, पृथ्वीखालून जाऊन पूर्वेस उगवण्याची आणि मध्यें थोडा विसांवा घेण्याची आज्ञा केली. म्हणजे रात्र ही येथें दैत्याची करणी नसून, विनंतीवरून दिलेली देणगी आहे. दिवसभराच्या कामानें शिणलेल्या गृहिणीस या देवतांची तक्रार रास्त वाटल्यावांचून राहणार नाहीं.

सूर्य स्त्री आणि चंद्र पुरुष, हें आमच्या वाचकांस चमत्कारिक वाटेल. परंतु तो ग्रंथकाराचा लहरीपणा नव्हे. ज्या जुन्या इंग्रजीचा तो अध्यापक होता तींत सूर्यवाचक शब्द स्त्रीलिंगी आणि चंद्रवाचक शब्द पुल्लिंगी आहे. जर्मन भाषेंत आजहि तसेंच आहे. आइसलँडांत तेराव्या शतकांत स्नोरी यानें लिहून ठेवलेल्या पुराणकथांत सोल ही सूर्यरथ हांकणारी स्त्री आहे आणि चंद्राचा सारथि मानी हा तिचा भाऊ. फिनलंडच्या ‘कालेवाला’ काव्यांत सूर्य आणि चंद्र डोंगरांत कोंडून ठेवल्याची कथा आहे, आणि तें काव्य टॉल्किनचें तरुणपणापासून आवडतें होतें. सूर्यापूर्वींचा उजेड हीहि कल्पना त्यास परकी नव्हती. बायबलाच्या पहिल्याच अध्यायांत उजेड पहिल्या दिवशीं आणि सूर्य चौथ्या दिवशीं निर्माण होतो. आपल्या ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलांतहि सूर्या ही स्त्री असून सोमाची वधू आहे.

आपल्या पुराणांतील एक कथा मात्र या कथेच्या फारच जवळ येते. सूर्याचें तेज सोसवेना म्हणून त्याची पत्नी संज्ञा आपल्या जागीं छाया ठेवून निघून गेली. तेव्हां विश्वकर्म्यानें सूर्यास चक्रावर चढवून त्याचें तेज तासून कमी केलें, आणि त्या तासलेल्या अंशांतून विष्णूचें चक्र, शंकराचा त्रिशूळ इत्यादि आयुधें झालीं. दोन्हीकडे गोष्ट तीच आहे. जो उजेड आपल्या अंगणांत पडतो तो मूळ उजेड नव्हे. तो कमी झालेला, आणि म्हणूनच सोसण्याजोगा झालेला उजेड आहे.

टॉल्किनच्या कथेंत ही घट स्पष्ट सांगितली आहे. सूर्याच्या उजेडांत विषबाधा झालेल्या झाडाची आठवण आहे. निर्मळ उजेड राहिला तो फक्त त्या तीन रत्नांत. परंतु याच कथेंत दुसरा एक हिशेब आहे आणि तो वाचक सहसा मांडीत नाहींत. झाडांचा उजेड उत्तम, पण तो तटाच्या आंत. रत्नांतील उजेड निर्मळ, पण तो एका घराण्याच्या तिजोरींत, आणि पुढें दैत्याच्या मुकुटांत. त्याच्यापायीं भावाभावांत रक्त सांडलें. सूर्याचा उजेड हीणकस, पण तो तटावरून पलीकडे गेला. मध्यभूमीवर फुलें उमललीं. मेल्कोरच्या चाकरांनीं भुयारांत दडी मारली, आणि स्वतः मेल्कोरहि आरियेनला भिऊन आपल्या प्रदेशावर धूर आणि काळे ढग पसरून बसला. आणि पहिल्या सूर्योदयाबरोबरच, पूर्वेस दूर कोठें, मनुष्यजात जागी झाली. मर्त्य मनुष्यानें मूळ उजेड कधीं पाहिलाच नाहीं. त्याच्या वांट्यास हा उरलेला उजेड आला. पण तो सर्वांच्या वांट्यास सारखा आला, आणि कोणास तो कुलपांत घालतां येत नाहीं.

शेवटीं त्या रत्नांचें काय झालें? एक समुद्रांत गेलें, एक पृथ्वीच्या पोटांतील आगींत गेलें, आणि एक एआरेंदिल नांवाच्या खलाशानें कपाळीं बांधून आकाशांत नेलें. तीच आपली शुक्राची चांदणी. ‘दि लॉर्ड ऑफ दि रिंग्ज’मध्यें त्या चांदणीचा प्रकाश एका लहानशा कुपींत धरून दोघे बुटके प्रवासी उंगोलियांतच्याच वंशांतील एका कोळिणीस मागें हटवितात. म्हणजे ज्या उजेडाचें झाड आईनें मारलें, त्याच उजेडाच्या थेंबापुढें लेक नमली. पण ती कुपी एकानें दुसऱ्यास दिलेली होती, ही गोष्ट विसरतां कामा नये.

आतां त्या नित्याच्या प्रश्नाकडे येऊं. टॉल्किनला स्वतःलाच पुढें या कथेची शंका येऊं लागली. पृथ्वी वाटोळी आहे, सूर्य तिच्याहून जुना नसला तरी निदान तिच्या बरोबरीचा आहे, हें शाळकरी मुलासहि ठाऊक; मग देवांकडून ज्ञान मिळविलेल्या एल्फांनीं सूर्य हें फळ आहे असें कसें मानावें? १९४८ सालींच त्यानें सपाट पृथ्वीचा आणि वाटोळ्या पृथ्वीचा असे सृष्ट्युत्पत्तीचे दोन पाठ कॅथरिन फॅरर या लेखिकेस वाचावयास दिले होते. तिनें सपाट पृथ्वीस कौल दिला. तरी त्याच्या मनाचें समाधान झालें नाहीं. आयुष्याच्या उत्तरार्धांत त्यानें कथा खगोलशास्त्राशीं जुळवून घेण्यासाठीं टिपणांवर टिपणें लिहिलीं. तीं ख्रिस्तोफरनें १९९३ सालीं ‘मॉर्गोथ्स रिंग’ या ग्रंथांत छापलीं.

तीं टिपणें वाचणें उद्‌बोधक आहे. सूर्य आरंभापासूनच आहे असें धरलें, तर झाडें मेल्यावर अंधार पडला असें म्हणतां येत नाहीं. बाहेर ऊन असणारच. म्हणून मग वालिनोरवर एक भला मोठा घुमट उभारावा लागला आणि त्यावर आंतून खोटे तारे लावावे लागले. सूर्य आरंभापासून असेल, तर एल्फ ताऱ्यांच्या उजेडांत जागे झाले याचें काय? त्यासाठीं दैत्याच्या ढगांची योजना करावी लागली. एक वीट काढली कीं दुसरी ढांसळे. तो नवा पाठ त्याच्या हातून पुरा झालाच नाहीं, आणि १९७७ सालीं मुलानें छापली ती जुनीच कथा.

हीच खटपट आपल्या घराघरांतून चाललेली असते. आजी संध्याकाळीं नातवंडांस सूर्याच्या सात घोड्यांची गोष्ट सांगते. नातू विज्ञानाचें पुस्तक घेऊन येतो. आणि मग घरांतील कोणी सुशिक्षित काका दोहोंचा समेट करण्यासाठीं सांगतात कीं, सात घोडे म्हणजे किरणांतील सात रंग, आपल्या पूर्वजांस तें ठाऊकच होतें. हें बोलणें सद्‌हेतूनें केलेलें असतें, पण तें खरें नव्हे. ऋग्वेदांत घोडे सात आहेत. लोलकांतून किरण पाडून रंग मोजल्याचें तेथें कोठेंहि नाहीं. शिवाय ते ‘सात’ रंगहि निसर्गानें आंखून दिलेले नाहींत. इंद्रधनुष्यांत एक रंग दुसऱ्यांत विरघळत जातो. न्यूटननें प्रथम पांच रंग मानले आणि पुढें संगीताच्या सात स्वरांशीं मेळ बसावा म्हणून सात केले. म्हणजे काकांच्या समेटानें विज्ञानहि बिघडलें आणि गोष्टहि घुमटाखालीं कोंडली गेली.

याहून सरळ मार्ग आपल्याच परंपरेंत आहे. आर्यभटानें इसवी सन ४९९ मध्यें आपल्या ग्रंथांत, नावेंतून पुढें जाणाऱ्यास कांठावरील स्थिर वस्तू मागें जातांना दिसतात तसे स्थिर तारे पश्चिमेस जातांना दिसतात, असें लिहून पृथ्वीचें फिरणें सांगितलें. ग्रहण हा छायेचा खेळ आहे हेंहि सांगितलें. त्याचें गणित करणारा राहूच्या कथेवर गणित करीत नव्हता, आणि राहूची कथा ऐकणारें मूल गणित ऐकत नव्हतें. गोंधळ होतो तो एकानें दुसऱ्याचें काम अंगावर घेतलें म्हणजे.

म्हणून आमचें सांगणें असें कीं, मुलांस दोन्ही सांगावें, आणि दोन्ही पुरतें सांगावें. सूर्य सुमारें साडेचार अब्ज वर्षांचा आहे, त्याच्या पोटांत हायड्रोजनचें हेलियम होतें, आणि त्याचा किरण आपल्या अंगणांत पोहोंचण्यास सुमारें सव्वाआठ मिनिटें लागतात, हें निर्भेळ सांगावें. त्यांत आश्चर्याची वाण नाहीं; आकाशांतील कित्येक तारे सूर्याहून फार जुने आहेत, म्हणजे सूर्यापूर्वीं तारे होते एवढी गोष्ट तर टॉल्किनच्या पुराणांत आणि ज्योतिर्विज्ञानांत सारखीच निघते. ही गांठ मात्र आपोआप पडलेली आहे, मुद्दाम मारलेली नाहीं. आणि सात घोडे, संज्ञा व छाया, सोन्याच्या झाडाचें शेवटचें फळ, या गोष्टीहि तितक्याच निर्भेळ, कसलीहि सारवासारव न करतां सांगाव्या.

मुलानें ‘मग खरें काय?’ असें विचारलें, तर त्यास रागें भरूं नये. सूर्य कशाचा बनला हें पहिल्या उत्तरांत आहे, असें त्यास सांगावें. उजेड सांठवून ठेवणाऱ्याचें काय होतें, आणि वठलेल्या झाडानेंहि शेवटचें फळ कोणासाठीं धरावें, हें दुसऱ्या उत्तरांत आहे. पहिलें त्यास परीक्षेंत उपयोगीं पडेल. दुसरें केव्हां उपयोगीं पडेल तें सांगतां येत नाहीं. घरांतील वडील माणूस जाईल तेव्हां, वांटण्या होतील तेव्हां, किंवा त्याच्या स्वतःच्या हातीं दुसऱ्यास देण्याजोगें कांहीं येईल तेव्हां.